उफणणीच्या वाऱ्यावर मोजलेली गाडी

आमच्या कॉलेजात रेसची गाडी बनवणाऱ्या मुलांची एक टीम आहे आणि गेली काही वर्षं त्या टीमचा मार्गदर्शक मी आहे. मार्गदर्शक म्हणजे चुका मुलं करतात आणि सह्या मी करतो. धाराशिव जिल्ह्यात रेसची गाडी म्हटलं की लोक आधी हसतात. त्यांचंही काही चुकत नाही. आमच्याकडे रेसचा ट्रॅक नाही, सोलापूर-हैदराबाद हायवे आहे, आणि त्यावर शर्यत लावायला ट्रक आहेतच. तरी पोरं दरवर्षी एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी बनवतात, तिला मोटरसायकलचं इंजिन बसवतात, पुढं-मागं विंग लावतात आणि कॉलेजांच्या स्पर्धेला घेऊन जातात. कधी गाडी पूर्ण पळते, कधी टेम्पोतूनच परत येते.

मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर निवडायच्या चाचण्या झाल्या. सगळ्यात कमी वेळ एका मुलीचा आला. तुळजापूरजवळच्या एका खेड्यातली, तिसऱ्या वर्षाला, बोलायला फटकळ. मी यादी लावली तेव्हा तिचं नाव ड्रायव्हरमध्ये नव्हतं, आकडेवारी बघणाऱ्यांमध्ये होतं. यादी वाचून ती सरळ माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, माझा वेळ सगळ्यात कमी आलाय."

"आलाय."

"मग?"

मी तिला सांगितलं की आपल्याकडे मुलींना ड्रायव्हर म्हणून बसवत नाहीत. लेखी नियम नाही, पण तसं ठरलेलं आहे. पूर्वी एकदा एक मुलगी चालवत होती आणि अपघात झाला होता.

"कुणाच्या चुकीनं?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायलो, झाकण लावलं, आणि मग तिच्यावर ओरडलो. "तुला काय करायच्यात गं नसत्या चौकशा? जा, वर्कशॉपला जा." ती गेली. मला राग लवकर येतो, आणि चूक माझी असली की जास्तच लवकर येतो. घरात सगळ्यांना हे पाठ आहे.

अपघातातली चूक माझी होती. ती कशी झाली ते आज पहिल्यांदा सगळं लिहितोय.

तेव्हा मी याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होतो. टीममध्ये कुणी इंजिन घेतलं, कुणी ब्रेक, कुणी वेल्डिंग. माझ्याकडे हवा आली. हवा म्हणजे एरोडायनॅमिक्स. रेसच्या गाडीला हवा एक तर अडवते, आणि विंग नीट लावली तर तीच हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. विमानाचा पंख उलटा करून लावला तर काय होईल, तसं. हा दाब असला की वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत. पण पुढचा आणि मागचा दाब एकमेकांना साजेसा लागतो. पुढं जास्त आणि मागं कमी झाला, तर भर वेगात वळताना गाडीचं मागचं अंग हलकं पडतं आणि गाडी गर्रकन फिरते. हे गणित गाडी रस्त्यावर आणायच्या आधी तपासायचं, तर विंड टनेल लागतो. त्यात गाडी किंवा तिचं मॉडेल जागेवर उभं असतं आणि वारं पळतं. मोठ्या टीमांचे असे बोगदे इमारतीएवढे असतात.

आमच्याकडे वडिलांचा उफणणीचा पंखा होता.

आमचं गाव नळदुर्गजवळ. मळणी झाली की हरभरा, तूर, ज्वारी उफणून भुसकट वेगळं करायला हा पंखा वापरायचा. लोखंडी स्टँड, मोठी जाळी, तीन पाती आणि मोटर. वारं पडलेलं असलं तरी उफणणी थांबू नये म्हणून आबांनी तो घेतला होता. मी तो टेम्पोत घालून कॉलेजात आणला. त्याच्यापुढं टेबलावर प्लायवूडचा आठ फुटी बोगदा ठोकला, एका बाजूला पारदर्शक खिडकी बसवली. वारं सरळ यावं म्हणून रसवंतीवाल्याकडून आणलेल्या शेकडो स्ट्रॉ एकाला एक चिकटवून तोंडाशी जाळी केली. आत आमच्या गाडीचं लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल. बोगद्याच्या तळाला भोकं पाडून मॉडेलची पुढची चाकं एका वजनकाट्यावर टेकवली, मागची दुसऱ्या काट्यावर. काटे किराणा दुकानातले. पंखा सुरू केला की काट्यावरचे ग्रॅम वाढायचे. जेवढे वाढले, तेवढा वाऱ्याचा दाब.

हा बोगदा भलताच गाजला. प्राचार्य कुणी पाहुणा आला की त्याला आधी तिकडेच घेऊन यायचे. मी उदबत्ती लावायचो, धूर मॉडेलवरून घसरत जाताना दाखवायचो, पाहुणा "वा!" म्हणायचा. एका स्थानिक पेपरात पंख्यावर हात ठेवून उभा असलेला माझा फोटोसुद्धा आला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्गातल्या पोरांनी मला काही विचारलं तर मी आधी थोडा वेळ थांबायचो आणि मगच उत्तर द्यायचो, एवढा मी शहाणा झालो होतो.

मग एकदा आबा आले. धाराशिवला कलेक्टर कचेरीत काम होतं, आणि तूर खळ्यावर येऊन पडली होती, म्हणून पंखा कधी मोकळा होतोय ते विचारायला आले होते. मी सगळ्या टीमसमोर त्यांना बोगदा चालू करून दाखवला. त्यांनी काट्याकडं बघितलंच नाही. पंख्याच्या जाळीत गेल्या वर्षीचं थोडं भुसकट अडकून राहिलं होतं, ते बोटांनी काढून मुठीत गोळा केलं. बोगद्याचं वरचं झाकण उचलून हात आत घातला आणि चिमूटभर भुसकट वर सोडलं, चिमूटभर मध्ये, चिमूटभर तळाशी. वरचं भुसकट उडून पार दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलं. तळाशी सोडलेलं हातभर पुढं जाऊन खाली बसलं.

"वरचं वारं पळतंय आन खालचं चालतंय," आबा म्हणाले. "पंख्याच्या मधी मोटरीचा गड्डा हाय, तिथं वारंच न्हाय. तुझ्या खोक्याचा तळ त्या गड्ड्यासमोरच आलाय की."

"आबा, त्यासाठीच स्ट्रॉ लावल्यात. वारं सरळ होतं."

"सरळ व्हतंय रं. पर सारखं व्हतंय का? उफणताना पाटी आपण कुठं धरतो? कमरंला धरतो का? तिवईवर उभारून डोक्याच्या वर धरतो."

हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून प्रत्येक सुगीत मी तिवईवर उभा राहिलो होतो. पाटी चार बोटं खाली आली की भुसकट धान्यातच पडायचं आणि आबा खालून ओरडायचे. उंची हाताला पाठ होती. इतकी पाठ होती की बोगदा ठोकताना ती डोक्यात आलीच नाही. पण टीममधली दोन पोरं गालातल्या गालात हसली आणि माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला यातलं काही कळत नाही आबा," मी म्हणालो. "पंखा कधी पाहिजे तेवढं सांगा."

"काय घाई न्हाय," ते म्हणाले, आणि टोपी नीट करून निघाले. मी चहाचंही विचारलं नाही. त्या वर्षी त्यांनी तूर दोन दिवस वाऱ्याची वाट बघत, जुन्या पद्धतीनं उफणली.

संध्याकाळी सगळी पोरं मेसला गेल्यावर मी एकटाच परत वर्कशॉपला गेलो. मॉडेलच्या चारही चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवून ते वीतभर उचललं, काटे पुन्हा शून्यावर आणले आणि पंखा सुरू केला. मागचा आकडा जेमतेम हलला. पुढचा आकडा भसकन वाढला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमच्या गाडीची मागची विंग उंच असते, तिला आधीपासून वरचं पळतं वारं मिळत होतं. पुढची विंग जमिनीलगत, ती गड्ड्यासमोरच्या मेल्या वाऱ्यात उभी होती. म्हणजे पुढचा दाब मी कितीतरी कमी मोजला होता. आणि त्या कमी आकड्याला साजेशी करायची म्हणून मागची विंग आम्ही चपटी करून टाकली होती. खऱ्या रस्त्यावर हवा वर-खाली सारखीच लागणार होती. तिथं पुढचं अंग घट्ट बसणार होतं आणि मागचं हलकं.

मी ठोकळे काढले, मॉडेल होतं तसं ठेवलं आणि खोलीवर गेलो.

कुणाला सांगितलं नाही. स्पर्धेला दोन आठवडे होते, पेपरात फोटो आला होता, प्राचार्यांनी पुढच्या पाहुण्याची तारीखही ठरवली होती. मी मनाला समजावलं की आमच्या गाडीचा वेग काही फार नाही, एवढ्यानं काय होतंय. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मला हे झोंबत होतं की आबा बरोबर निघाले असते. एवढीशी गोष्ट. तेवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं.

गाडी चालवणारी आमच्याच वर्गातली, मुरुम गावची. तिचे वडील मुरुम-उमरगा काळीपिवळी चालवायचे आणि त्यांनी तिला दहावीच्या आधीच जीप शिकवली होती. तिच्यासारखा गाडीवरचा हात टीममध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे आम्ही सगळे मान्य करायचो, काही जण दात-ओठ खाऊन. मला ती "वारेवाले" म्हणून हाक मारायची. तिनं एकदाही विचारलं नाही की तुझे आकडे खरे का. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून ती गाडीत बसायची.

बायपासचा एक तुकडा तयार होऊन अजून उघडायचा होता. तिथं परवानगी काढून आम्ही प्लास्टिकचे शंकू मांडले आणि दुपारी चाचणी घेतली. दोन फेऱ्या सावकाश झाल्या. तिसरी पूर्ण वेगात. मी लांब वळणाच्या आतल्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. गाडी वळणात शिरली, आणि माझ्यासमोर तिचं मागचं अंग सुटलं. गाडी फिरायला लागली. आमच्या गाड्यांना मागं ब्रेकचा लाल दिवा असतो. तो दिवा गाडी फिरायला लागल्यानंतर लागला. आधी नाही, नंतर. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गाडी दोन गिरक्या घेऊन कडेच्या खडीच्या ढिगावर आदळली.

तिचं डावं मनगट मोडलं. बाकी हेल्मेट आणि पट्ट्यांनी वाचवलं. सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं, हाडात प्लेट टाकली. तिचे वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाले, "तुमी लोकं व्हता म्हणून पोरगी वाचली." मी त्यांना पाणी आणून दिलं.

आठवड्यानं प्राचार्यांच्या खोलीत मीटिंग झाली. प्राचार्य, तेव्हाचे आमचे मार्गदर्शक सर, टीममधली आम्ही चार-पाच मुलं, आणि हाताला प्लास्टर घातलेली ती. सरांनी विचारलं, "नेमकं झालं काय?" कुणी बोलेना. मग मीच बोललो. "सर, ब्रेक उशिरा लागला."

तेवढंच. त्यात खोटं म्हणावं असं काय होतं? ब्रेक उशिरा लागलाच होता, गाडी सुटल्यावर लागला होता. मी इतका हुशार होतो की खोटं बोलतानासुद्धा खरे शब्द वापरले. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे सैल झाले. बोगदा वाचला, गाडी वाचली, कॉलेजचं नाव वाचलं. कुणीतरी म्हणालं, मुलीला बसवलं तेच चुकलं. ती खिडकीपाशी बसली होती आणि बाहेर बघत होती. ती काहीच बोलली नाही.

हे "ती काहीच बोलली नाही" मी पुढं वर्षानुवर्षं घट्ट धरून बसलो. तिला तरी कुठं माहीत होतं, असं मी स्वतःला सांगायचो. माहीत असतं तर बोलली नसती का?

स्पर्धेच्या आधी गाडी दुरुस्त करताना मी मागच्या विंगचा कोन गुपचूप वाढवून घेतला. कुणी विचारलं तर सांगितलं, पट्टी वाकली होती, सरळ केली. गाडी एका मुलानं चालवली. वळणावर ती रस्त्याला चिकटून पळाली, स्पर्धा पूर्ण झाली. सगळे म्हणाले, बघा, ड्रायव्हर बदलला की फरक पडतोच. त्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचले, मीही नाचलो. त्यानंतर मुलींना बसवायचं नाही हे आपोआप ठरून गेलं. ते ठरलं त्यात माझा हात नव्हता, असंही मी स्वतःला सांगायचो. तिनं टीम सोडली. डिग्री झाल्यावर ती मुरुमला गेली, मी पुढं शिकून याच कॉलेजात शिकवायला लागलो. आबांना मी यातलं काही सांगितलं नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत.

त्या मुलीनं केबिनमध्ये येऊन "कुणाच्या चुकीनं?" विचारल्यानंतर आठ-दहा दिवस मी सगळ्यांवर चिडचिड करत काढले. बायको म्हणाली, "काय असेल ते एकदा ओकून टाका, घरातली भांडी आपटू नका." रविवारी मोटरसायकल काढली, तुळजापूर, नळदुर्ग करत हायवेनं गेलो आणि मुरुमच्या रस्त्याला वळलो. वाटेत एका ढाब्यावर चहाला थांबलो. परत फिरावं का, असा विचार करत मी तिथं तीन चहा प्यायलो.

तिचं ठिबकच्या पाईपांचं दुकान आहे एवढं ऐकून होतो. दुकानात तिचा नवरा होता, म्हणाला, माल टाकायला गेली, येईलच. थोड्या वेळानं पाईपांच्या गुंडाळ्यांनी भरलेली पिकअप गल्लीच्या तोंडाशी आली. गल्ली एवढीशी, एका बाजूला नाली. गाडी उलटी, एका दमात, कुठं न थांबता, दुकानाच्या दारात येऊन लागली. ती चालकाच्या बाजूनं उतरली.

"अगं बया, वारेवाले! आज कशी काय वाट चुकलास?"

तिला बघून मला आधी काय वाटलं असेल तर निराशा. ती गाडी चालवायची सोडून बसली असेल, मी तिला सांगेन की तुझी चूक नव्हती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं काहीतरी मी हायवेभर रंगवत आलो होतो. लाज वाटते लिहायला, पण रंगवलं होतं.

"मला वाटलं, तू गाडी सोडलीस," मी म्हणालो.

"गाडी कशाला सोडू? रोज आळंद नायतर उमरगा असतंय. मी तुमची टीम सोडली."

नवरा चहा सांगायला गेला. आम्ही पाईपांच्या गुंडाळ्यांवर बसलो आणि मी सगळं सांगितलं. भुसकट, ठोकळे, दोन काट्यांचे आकडे, लाल दिवा, नंतर गुपचूप वाढवलेला विंगचा कोन. ती एका गुंडाळीची सुटलेली दोरी बांधत ऐकत होती. डाव्या हाताचं मनगट तिला पूर्ण वळत नाही, हे मला तेव्हा दिसलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"म्हंजे तुला इतकी वर्षं वाटत व्हतं, मला ठाऊकच न्हाय."

मी मान हलवली.

"अरे, गाडीत मी बसले व्हते का तू? मागचं सुटलं तवा माजा पाय ब्रेकवर न्हवताच. हे मला दुसऱ्यानं सांगायला लागतंय व्हय?"

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

तिनं दोरी हातातून सोडली आणि माझ्याकडे बघितलं. माणूस वेड पांघरतोय की खरंच वेडा आहे, हे बघतात तसं बघितलं.

"बोलले की! दोनदा बोलले. पयल्यांदा सरांनी हात केला, थांब म्हणाले. मग परत बोलले. तवा तुज्याकडं बघून बोलले, म्हणलं हा तरी कायतरी बोलंल. तू खाली मान घालून लिहीत व्हतास."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवंल?"

"काय बोलली होतीस?"

"ते आता न्हाय सांगणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकदा सांगायची गोष्ट दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा का सांगू? तुजं तू आठव."

चहा आला. मी कसाबसा प्यायलो. जाताना तिला त्या तुळजापूरकडच्या मुलीबद्दल सांगितलं आणि म्हणालो, तिला मी बसवणार आहे, तुझ्यासाठी. ती एकदम उखडली. "माज्यासाठी कशाला? तिचा येळ कमी आलाय ना? म्हणून बसव." एक गिऱ्हाईक आलं तशी ती आत गेली. मला निरोप द्यायला बाहेर आली नाही.

सोमवारी मी कॉलेजचं जुनं कपाट उघडलं. तू लिहीत होतास, हे तिचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. टीमच्या मीटिंगांच्या वह्या तिथं एकावर एक पडलेल्या असतात. त्या वर्षीची वही सापडली. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं, म्हणून मीटिंगचं लिहायचं काम माझ्याकडे असायचं. तेही मी विसरून गेलो होतो.

पान सापडलं. सुरुवातीला हजर असलेल्यांची यादी होती, तिचं नाव त्यात होतं. मग चर्चा, चार ओळी. शेवटी लिहिलं होतं, "चालकाने आपली चूक मान्य केली." निळी शाई, सुबक अक्षर, कुठं खाडाखोड नाही. खाली प्राचार्यांची, सरांची आणि माझी सही. तिची नव्हती.

मी ते पान कितीतरी वेळा वाचलं. डोळे मिटून ती खोली आठवून बघितली. टेबलावरची काच आठवली, प्राचार्यांच्या मागचं कॅलेंडर आठवलं, तिचं प्लास्टर आठवलं. तिचा आवाज आठवला नाही. त्या दिवशी ती दोनदा बोलली, माझ्याकडे बघून बोलली, आणि मी समोर बसून त्याच्या बरोबर उलटं लिहीत होतो. खोटं बोललो ते मला रोज आठवत होतं. हे आठवत नव्हतं. मला माझीच भीती वाटली.

वही घेऊन मी आताच्या प्राचार्यांकडे गेलो. ते नवे आहेत, त्यांचा यात संबंध नाही. त्यांनी पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कशाला उकरताय जुनं? तुमचंच नाव खराब होईल." मी म्हणालो, होऊ द्या. ड्रायव्हरच्या यादीत त्या मुलीचं नाव पहिलं घातलं आणि यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी सही केली. वहीच्या त्या पानाखाली मी त्या सोमवारची तारीख घालून, खरं काय झालं होतं ते लिहिलं आणि माझी सही केली.

मग वर्कशॉपमध्ये सगळ्या टीमला बोलावलं. यंदाची गाडी मध्ये उभी होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. वहीतलं पान वाचून दाखवलं. पोरं खाली बघत होती. एकानं हातातला पाना उगाच या हातातून त्या हातात घेतला. ती मुलगी पुढंच उभी होती.

"सर, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"आणि त्या दोनदा बोलल्या होत्या."

"हो."

मला वाटलं आता ही भडकणार, आणि ते मला हवंच होतं. पण तिनं खिशातून छोटी डायरी काढली, पेन काढलं आणि गाडीच्या पुढच्या विंगवर हात ठेवून म्हणाली, "सर, यंदाची विंग जवळपास तशीच आहे. मागचं सुटायच्या आधी त्यांना काहीतरी जाणवलं असणार. स्टेअरिंग हलकं झालं असेल, नाहीतर सीट सरकल्यासारखी वाटली असेल. ते कळलं तर मी आधीच पाय काढून घेईन. त्या काय म्हणाल्या होत्या?"

पेन कागदावर टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"पण तुम्ही तिथंच होता ना, सर?"

"होतो," मी म्हणालो.